जनकाबाईची टिकलीची अंडी

चाळीस वर्षं दवाखान्यात काढली म्हणून लोक मला विचारतात, "रंगराव, तुम्ही पाहिलेलं सगळ्यात अवघड ऑपरेशन कोणतं?" त्यांना वाटतं मी अपेंडिक्सचं सांगेन, नाहीतर एखाद्या अडलेल्या बाईची हकिगत. मी अंड्याचं सांगतो. लोक हसतात. हसू द्या. ज्यांनी ते हात पाहिले नाहीत त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही.

ते हात जनकाबाईचे. मेहकरहून सुलतानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून कोसभर आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ज्या घरात हे घडलं ते घर अजून नांदतं आहे. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. दवाखाना नुकताच जिल्हा परिषदेकडे आला होता. पाटीला नवा रंग दिला होता आणि त्या रंगाखालून जुन्या मध्यप्रदेशाची अक्षरं अजून डोकावत होती. डॉक्टर मंगळवारी आणि शनिवारी मेहकरहून एसटीनं यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी आणि जनकाबाई. मी औषधं द्यायचो, सुया टोचायचो आणि पेशंटांवर ओरडायचो. झाडणं, पाणी भरणं, मागच्या अंगणातल्या चुलीवर सुया उकळणं हे तिच्याकडे होतं.

जनकाबाई चाळिशीची, नवरा गेलेली, अंगानं काटकुळी. छप्पन साली ती दीक्षेला नागपूरला जाऊन आली आणि आल्याबरोबर घरातले देव गाठोड्यात बांधून पैनगंगेत सोडून आली. तिनं जुनं सगळं सोडलं, पण गावानं तिच्याशी वागायची जुनी रीत काही सोडली नव्हती. तिच्या घरी सात गावरान कोंबड्या होत्या. कुठली आज अंडं देणार, कुठली उद्या खुडूक बसणार, हे ती सकाळी नुसता आवाज ऐकून सांगायची. एकदाही चुकली नाही. मी मुद्दाम चार-पाच वेळा पडताळा घेतला आणि मग लाज वाटून सोडून दिलं.

माझ्या घरी मेहकरला अंड्याची तऱ्हा सगळ्यांच्या घरी असते तीच. अंडं घरातल्या चुलीवर चढत नसे. गोठ्याच्या खुंटीला एक काळी, कड फुटलेली कढई टांगलेली असायची. अंगणात तीन दगड मांडायचे, त्यावर ती ठेवायची, बापानं अंडं परतायचं, आईनं नाकाला पदर लावून लांबून मीठ टाकायचं. अंड्याचा एकच प्रकार मला माहीत होता, करपलेला. त्यामुळे जनकाबाई दुपारी मागच्या अंगणात आपली भाकरी भाजायला बसली की मी औषधाच्या खोलीतून नाक बाहेर काढून बसायचो. ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगली की ती तिचा पापुद्रा एका कडेनं चाकूनं उचलायची, आत अंडं फोडून सोडायची, वरून मीठ आणि लसणाचा ठेचा, पापुद्रा खाली दाबायचा आणि भाकरी उभी करून निखाऱ्याला लावायची. कधी रश्शाला उकळी आली की त्यातच अंडी फोडून सोडायची. ढवळायची नाही, त्यामुळे प्रत्येक अंडं आपापल्या जागी शिजायचं. कधी कांद्याची पात, कधी जवसाची चटणी. हे सगळं ती मला कधीमधी सांगायची, आणि मला रोज एक उकडलेलं अंडं आणि पानावर मीठ आणून द्यायची. भाकरी पुढे केली की मी म्हणायचो, "घरून डबा आणलाय ना, पोट भरलं."

त्या वर्षी पोळ्यानंतर गावातल्या महादेवरावांच्या सुनेला क्षय निघाला. सुभद्राबाई तिचं नाव, वय बावीस. मूळची धाड गावची. डॉक्टरांनी तिला आमच्या काट्यावर उभं केलं, तर काटा सत्तर रत्तलांवर थांबला, म्हणजे जेमतेम बत्तीस किलो. डॉक्टर तिच्या सासूला, अन्नपूर्णाबाईंना म्हणाले, "इंजेक्शनं आणि औषधाच्या पुड्या हा कंपौंडर रोज घरी येऊन देईल. पण औषध एकटं काही करणार नाही. रोज दोन अंडी पोटात गेली पाहिजेत. दिवाळीपर्यंत ऐंशी झाली तर ही पोरगी तुमची. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

आता महादेवरावांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. तीन दगड आणि फुटकी कढई हा मार्गही तिथं नव्हता. महादेवराव शांतपणे म्हणाले, "दिवाळीनंतर हिले धाडले पोचवून देऊ. हवापालट होईन." त्याचा अर्थ आख्ख्या गावाला कळत होता. हवापालटाला माहेरी गेलेली क्षयाची सून परत आलेली कुणी पाहिली नव्हती. सुभद्राबाईची आई नव्हती, घरात भावजय होती, आणि ही आजारी पडल्यापासून भावजयीनं साधा निरोपही धाडला नव्हता.

मार्ग काढला तो अन्नपूर्णाबाईंनी. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "जनकाले म्हणा, उकडून आण. पण कवच शाबूत पाह्यजे. सोललेलं, फुटलेलं चालणार नाई. कवचातल्याले विटाळ नसते. सुभद्रा आपल्या हातानं सोलून खाईन, पडवीतच."

मी मनातल्या मनात हसलो. काय ही माणसं, म्हटलं. अंड्याच्या सालीइतका धर्म!

ठरलं तसं सुरू झालं. रोज सकाळी मी पिशवी घेऊन पुढे, मागे उकळलेल्या सुयांचं भांडं आणि पदरात दोन अंडी घेऊन जनकाबाई. ती अंडी पडवीच्या दगडावर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायची. अन्नपूर्णाबाई तांब्यानं त्यांवर पाणी ओतायच्या, अंगठ्यानं चोळून धुवायच्या आणि सुनेपुढे ठेवायच्या. दोन आठवड्यांनी सुभद्राबाईला काट्यावर उभं केलं. अडुसष्ट.

मी तडकलो. दवाखान्यात येऊन जनकाबाईवर ओरडलो, "शिळी अंडी देतेस की काय? अर्धी कच्ची? वजन उतरतंय तिचं!"

दुसऱ्या दिवशी जनकाबाईनं मला महादेवरावांच्या घरामागच्या उकिरड्याकडे नेलं. तिथं सोललेली अंडी पडली होती, घास घास चावून टाकलेली. एक कुत्रं निवांत खात होतं.

"तिच्यानं गिळवत नाई, कंपौंडर साहेब," ती म्हणाली. "तुमच्या त्या पुडीनं तिच्या पोटात ढवळते. त्यावर हे फिक्कं, वासाचं अंडं. रोज तेच. धडधाकट माणसाले बी नाई जायचं. तिले चव पाह्यजे."

"मग चव कशी देणार? कवच फुटता कामा नये म्हणतात त्या."

जनकाबाई चालता चालता थांबली. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "कवच शाबूत दिसलं पाह्यजे. येवढंच ना?"

त्या दुपारी मी जे पाहिलं ते आजही जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे. तिनं कच्चं अंडं डाव्या तळहातात उभं धरलं, बाभळीचा लांब काटा घेतला आणि टोकावर फिरवू लागली. टोचला नाही, फिरवला. कवचाचा बारीक भुसा पडू लागला. तुरीच्या डाळीएवढं भोक पडलं आणि कडेला एक तडा नाही. काटा आत घालून तिनं बलक मोडला आणि सगळं वाटीत ओतून घेतलं. त्यात मीठ, जिऱ्याची पूड, वाटलेली हिरवी मिरची, कोथिंबीर. आता हे परत आत कसं जाणार? इथं मी माझी विद्या पुढे केली. दहा सीसीची जुनी सिरिंज आणि सगळ्यात जाड सुई तिला दिली. तिनं माझा मान राखून ती घेतली. पहिल्याच दाबाला कोथिंबीर अडकली आणि अर्धं अंडं माझ्या सदऱ्यावर उडालं. मग तिनं पळसाचं पान गुंडाळून एक नळकांडं केलं, उंदराच्या शेपटीएवढ्या टोकाचं, आणि थेंब थेंब सगळं परत आत घातलं.

भोक बुजवायला ज्वारीच्या पिठाची एवढीशी टिकली, अंड्याच्याच पांढऱ्यात भिजवलेली. अंडं निखाऱ्याजवळ धरून ती टिकली तिनं कडक केली. मग पातेल्यात कडब्याचे तुकडे अंथरले, खाली पाणी, वर अंडी उभी, त्यावर झाकण. पहिली दोन अंडी फटकन फुटली. मी "गेलं!" म्हणून ओरडलो. ती नुसती म्हणाली, "गच्च भरलं व्हतं. फुगाले जागा नाई ठेवली." तिसरं चारांतले तीनच हिस्से भरलं. ते निघालं तेव्हा मी हातात घेऊन चारही बाजूंनी पाहिलं. अंड्यासारखं अंडं. कोंबडीनंसुद्धा आपलंच म्हणून पोटाखाली घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी तसली दोन अंडी पडवीच्या दगडावर गेली. अन्नपूर्णाबाईंनी पाणी ओतलं. अंगठा फिरवला. एक क्षण अंगठा थांबला असं मला वाटलं, पण त्यांनी अंडी सुनेपुढे ठेवली आणि त्या आत गेल्या. सुभद्राबाईनं नाइलाजानं सोलायला घेतलं. आतून हिरवट पिवळं, कोथिंबिरीचे ठिपके असलेलं काहीतरी निघालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिनं एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग बोटं चाटली. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या जनकाबाईनं पदर तोंडाला लावला.

तिथून पुढचा महिना-दीड महिना म्हणजे माझ्या आयुष्यातलं नवल. मी रोज पाहायचो आणि रोज थक्क व्हायचो. एक दिवस लसूण-खोबरं. एक दिवस मेथी, इतकी बारीक चिरलेली की धाग्यासारखी. एक दिवस आत काळा मसाला, असा झणझणीत की सुभद्राबाईच्या नाकातून पाणी आलं आणि ती किती तरी दिवसांनी हसली. ज्या दिवशी तिचं पोट बिघडलं त्या दिवशी दूध, गूळ आणि वेलची. ते कवचात खरवसासारखं जमलं होतं, सोलल्यावर थरथरत होतं. एकदा तर जनकाबाईनं पांढरं आधी भरलं, अंडं हातात फिरवत फिरवत निखाऱ्यावर आतून चिकटवून घेतलं आणि मग तिखट बलक मधे सोडला. त्या पोकळीत तिला दिसत काहीच नव्हतं. तिनं ते सगळं बोटांना लागणाऱ्या उबेवर ओळखलं. मी कंपौंडर माणूस. थेंब मोजणं, भाग पाडणं हा माझा धंदा. मी कान पकडला.

सुभद्राबाई आता सकाळपासून वाट पाहायची. मी सुई टोचत असताना तिचं लक्ष दगडाकडे. हळूच विचारायची, "आज काय निंगते हो?" कोंबड्या कमी पडू नयेत म्हणून जनकाबाईनं त्या साली एकही खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली नाही. पिल्लांशिवायचं खुराडं मी पहिल्यांदाच पाहिलं. काटा एकाहत्तर झाला. मग चौऱ्याहत्तर. दसऱ्याच्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

दिवाळी बारा दिवसांवर आली असताना अन्नपूर्णाबाई दवाखान्यात आल्या. भर दुपारी, एकट्याच. सुनेशिवाय त्या बाई दवाखान्याची पायरी कधी चढल्या नव्हत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक कवच काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. टोकाला टिकली तशीच होती.

"जनकाले बोलवा," त्या म्हणाल्या.

जनकाबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. कवच पाहिलं. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडणार होतो, पण ती सरळ म्हणाली, "ज्वारीचं पीठ हाय, बाई. माह्या हातचं. आत जे व्हतं ते बी माह्या हातचं. माह्या घरचं मीठ, माह्या घरचा मसाला. खोटं बोलणार नाई."

"ते मले सांगू नको," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी ठाव झालं. धुताना अंगठ्याले लागली नाई का टिकली? मी रोज धुतलं. पोरीनं सोलल्यावर कवचं उकिरड्यात खोल पुरली, यायच्या नजरेस पडू नये म्हून. काल कुत्र्यानं उकरली. यायनी पाह्यलं." यायनी म्हणजे महादेवरावांनी. "म्हणतात, आजपासून अंडं बंद. आन् दिवाळीची वाट नाई पाहाची. परवाच्या गाडीनं धाडले, माहेरी. आज सकाळपासून पोरीनं काईच खाल्लं नाई. नुसती दगडाकडं पाहून राह्यली."

माझं डोकं फिरलं. खुर्ची मागे ढकलून मी उठलो. "मी जातो! मी सांगतो महादेवरावाले! कोणत्या काळात राहता म्हणावं! माणसाच्या हाताचा विटाळ धरता आणि पोरीचा जीव घेता? लाज वाटाले पाह्यजे!"

मी दारापर्यंत पोचलो होतो. मागून जनकाबाई म्हणाली, "तुमी नका जाऊ, कंपौंडर साहेब."

"काऊन?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ती म्हणाली, "तुमी बी चार साल कवचातलंच खाता ना माह्या हातचं."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. चार वर्षं. रोज दुपारी एक उकडलेलं अंडं, स्वतःच्या हातानं सोललेलं. मीठसुद्धा मी पानावरचं घ्यायचो नाही, माझ्या डब्यातलं घ्यायचो. हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. भाकरी पुढे आली की माझं पोट भरलेलं असायचं. जिच्या हातापुढे मी रोज कान पकडत होतो, त्या हातचा एक उघडा घास मी कधी तोंडात घातला नव्हता, आणि हसत होतो मी अन्नपूर्णाबाईंना. त्या निदान जाणून होत्या आपण काय करतो ते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी मागे वळलो. मागच्या अंगणात तिची चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी होती. मी चुलीसमोर जमिनीवर मांडी घातली.

"वाढ," मी म्हटलं.

ती खाली बसली. पापुद्रा उचलला, अंडं फोडलं, ठेचा पसरला, भाकरी निखाऱ्याला लावली. ती माझ्या हातात दिली. मी पहिला घास घेतला. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, मधेच लसणाचा चटका. चार वर्षं ज्याचा नुसता वास घेतला ते हे होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्याचं आहे असं दाखवून मी ते पुसलं नाही.

अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. मी तीन घास खाल्ले असतील, तोच त्या चुलीजवळ आल्या. पुढे वाकल्या आणि हात पुढे केला. तांब्या आणला नव्हता.

"सुभद्रेसाठी येक दे," त्या जनकाबाईला म्हणाल्या.

जनकाबाईनं दुसरी भाकरी केली. काट्यानं कवचाला तडा न जाऊ देणाऱ्या तिच्या हातून त्या दिवशी पापुद्रा कडेला फाटला. भाकरी तयार झाली तेव्हा तिनं विचारलं, "फडक्यात गुंडाळून देऊ का, बाई? रस्त्यानं लोक पाह्यतीन."

"राहू दे तशीच."

आणि ती बाई उघड्या तळहातावर ती वाफाळती भाकरी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. बाजाराचा दिवस होता. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, त्यांत महादेवरावही होते. मी दारातून पाहत होतो. अन्नपूर्णाबाई पारासमोरून गेल्या. भराभर नाही, आपल्या नेहमीच्या चालीनं. भाकरीच्या कडेनं पिवळा बलक दिसत होता. महादेवराव अर्धे उठले आणि परत बसले.

पुढचं मला सुभद्राबाईनं सांगितलं. ती पडवीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूनं जवळ बसून भाकरी तिच्या हातात दिली. तिनं उलटून पालटून पाहिली आणि घाबरून विचारलं, "आत्याबाई, कवच कुठी हाय?"

"नाई लागत आता," सासू म्हणाली. "खा."

परवाची गाडी धाडला गेली, पण सुभद्राबाई तीत नव्हती. महादेवराव पंधरा दिवस बायकोशी बोलले नाहीत आणि त्यांनी स्वतःचं जेवण आतल्या खोलीत नेलं. पण पडवीच्या दगडाकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. दिवाळीच्या आदल्या शनिवारी आम्ही सुभद्राबाईला काट्यावर उभं केलं. अन्नपूर्णाबाईंना आकडे वाचता येत नव्हते. त्या काट्याकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"ब्याऐंशी," मी म्हटलं.

अन्नपूर्णाबाई मागच्या दाराकडे वळल्या. जनकाबाई तिथं सुयांचं भांडं घेऊन नेहमीसारखी चार पावलं लांब उभी होती. त्या तिच्याजवळ गेल्या, तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ धरून ठेवला.